उसना हात

बसा हो, उभ्या उभ्या ऐकायची गोष्ट नाही ही. ती खुर्ची नको, तिचा मागचा पाय दगाबाज आहे. ही घ्या. तुम्ही विचारलंत ना, एवढी मोठी संस्था उभी कुणी केली म्हणून? सांगतो. अशी सांगतो की तुम्ही उठायचं नाव घेणार नाही. फक्त मधे मधे "मग पुढं काय झालं" असं विचारायचं नाही. पुढचं पुढं आल्यावरच सांगणार. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यात चौथीला दोनदा बसलो. त्यामुळं माझी गोष्ट रांगेत चालते, तिला उड्या मारता येत नाहीत.

मी कॉलेजात शिपाई होतो, छत्तीस वर्षं. पोरं मला मामा म्हणायची, प्राध्यापक मामा म्हणायचे, एकदा तर खुद्द प्राचार्यांची आई मामा म्हणाली, आणि ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी. घंटा माझ्या ताब्यात. परीक्षेच्या दिवसांत माझा रुबाब बघायला हवा होता तुम्ही. मी टोला दिला की हजार माना खाली. पुन्हा दिला की हजार पेनं खाली. प्राचार्य घसा फोडून ओरडले तरी एवढं कुणी ऐकत नसे.

आणि मला एकुलती एक पोरगी. मिरची. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण जीभ अशी की तिसऱ्या वर्षीच हे नाव चिकटलं, ते सुटलंच नाही. पंधराव्या वर्षी तिला ताप आला, आणि उतरताना डोळे घेऊन गेला. त्यावर मी जास्त बोलत नाही, कारण तिला खपत नाही. म्हणते, "बाबा, गोष्ट माझ्या डोळ्यांची नाही, माझ्या पेपरांची आहे." बरोबर आहे तिचं.

आता पेपर म्हटलं की लिहिणं आलं. दिसत नाही त्यानं उत्तर बोलायचं आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्यानं ते उतरवायचं, अशी सोय तेव्हाही होती. त्या लिहिणाऱ्याला लेखनिक म्हणतात. नियम असा की तो खालच्या वर्गातला हवा, म्हणजे त्याला स्वतःला उत्तर येता कामा नये. पण तो शोधायचा कुणी? ज्याचा त्यानं. कॉलेज फक्त परवानगी द्यायचं, वर शिक्का मारून. शिक्का काय लिहायला बसतोय!

मिरचीच्या पहिल्या वर्षाला आम्ही शेजारची एक शाळकरी पोरगी ठरवली होती. तीन पेपर झकास गेले. चौथ्या पेपराला पोरगी आलीच नाही. गालगुंड झालं होतं तिला, निरोप कोण आणणार? साडेदहाला मी घंटा दिली. मिरची बाकावर, समोर कोरा पेपर, शेजारची जागा रिकामी. मी सुपरवायझरकडं गेलो, म्हटलं, "साहेब, मी लिहितो. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण लिहितो." ते म्हणाले, "मामा, तुम्ही कॉलेजचे नोकर. चालत नाही." माणूस वाईट नव्हता तो, नियम तसा होता.

मग काय, तीन तास. दर अर्ध्या तासाला मी बाहेर टोला द्यायचा आणि आत माझी पोरगी हात मांडीवर ठेवून ताठ बसलेली. उठून गेली नाही. घरी जा म्हटलं तर म्हणाली, "पेपर माझा आहे, वेळ माझी आहे, मी बसणार." शेवटचा टोला देताना हात असा जड झाला होता, विचारू नका. तिनं कोरा पेपर स्वतःच्या हातानं जमा केला. वर्ष गेलं.

घरी आल्यावर तिची आई मला म्हणाली, "तुम्ही घंटाच वाजवा, तेवढीच येते तुम्हाला." रागाचं बोलणं ते. पण बसलं ते छातीत.

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या माझ्या खोलीत एक पोरगी आली. खोली म्हणजे काय, बादल्या, झाडू, मोडके बाक आणि मी. पोरगी मिरचीच्याच वर्षाची, पण दुसऱ्या तुकडीतली, आदल्या दिवशी परीक्षेत तिच्या दोन बाक मागं बसलेली. कपाळावर आठी, हातात वही, आवाज असा की ऐकून अख्खा वर्ग जागच्या जागी गप्प होईल. तिला पोरं हेडमास्तरीण म्हणायची, मीही तेच म्हणतो.

"मामा, काल खिडकीजवळ बसली होती ती कोण?"

"माझी मुलगी."

"तिचं कुणी आलं नाही, आणि आम्ही ऐंशी जणं तिथं बसून स्वतःचं स्वतःचं लिहीत होतो. मला तीन तास नीट लिहिता आलं नाही."

"मग मी काय करू, बाई?"

"नोटीस बोर्डाची किल्ली द्या."

दिली. हरवलेल्या छत्रीच्या चिठ्ठीशेजारी तिनं कागद लावला. दुसरा सांगेल ते लिहिता येईल असा माणूस पाहिजे. वेळ पाळणारा. जिन्याखाली भेटा. मला वाटलं कुणी येत नाही. सातजण आले, आमच्याच कॉलेजातली अकरावी-बारावीची पोरं, म्हणजे खालच्या वर्गातली. त्यातले दोघं छत्री शोधत आले होते, पण थांबले.

आता तुम्ही म्हणाल, यात शिकायचं काय? सांगितलेलं लिहायचं, त्यात डोकं कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. हेडमास्तरणीनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओळीत बसवलं आणि मिरचीला म्हणाली, "सांग काहीतरी, पण चुकीचं सांग."

मिरची म्हणाली, "पृथ्वी चौकोनी आहे."

सातपैकी चार जण हसले. एकानं "गोल" लिहिलं. एकीनं पेन उचलून विचारलं, "नक्की?"

"सगळे नापास," हेडमास्तरीण म्हणाली. "पृथ्वी चौकोनी म्हटली तर चौकोनी लिहायची. हसायचं नाही, विचारायचं नाही. तुमचं डोकं घरी ठेवून यायचं, फक्त हात घेऊन यायचं."

आणि खरी मेख तर पुढंच होती. मिरची म्हणाली, "लिहिण्याचं सोडा. हे लोक श्वासानं सांगतात." ती म्हणाली, उत्तर चुकलं की शेजारचा नाकातून उसासा टाकतो. बरोबर आलं की पेन झरझर चालतं. शंका आली की खुर्ची करकरते. "मला दिसत नाही, पण ऐकू येतं. तुम्ही उसासा टाकलात की मला कळतं चुकलं, मग मी बदलणार. ती कॉपीच झाली की!"

तेव्हापासून जिन्याखाली श्वासाची तालीम सुरू झाली. हसू नका, खरं सांगतोय. मिरची मधोमध स्टुलावर बसायची, वाट्टेल ते चुकीचं सांगायची आणि कान लावायची. "मासे झाडावर अंडी घालतात. दोन नंबर, तू उसासलास! ऊठ." "सूर्य उत्तरेला उगवतो. चार नंबर, गिळलंस काहीतरी! ऊठ." पोरं घामाघूम व्हायची. दोन महिन्यांनी अशी तयार झाली की तुम्ही त्यांना सांगा, तुमच्या डोक्यावर शिंग आहे, ती गुमान लिहून घेतील.

आणखी एक पद्धत हेडमास्तरणीनं घातली. प्रत्येक पेपराला लिहिणारे दोन. एक आत, एक बाहेर पायरीवर बसलेला, पेन खिशात घेऊन. आतल्याला चक्कर आली, बाहेरचा आत. आतला आलाच नाही, बाहेरचा आत. गालगुंडाला आता आम्ही भीत नव्हतो.

पुढच्या वर्षी मिरची पहिलं वर्ष पास झाली, चांगल्या मार्कांनी. मग दुसऱ्या कॉलेजातून एक आंधळा मुलगा आला, मग हाताला कंप असलेली एक बाई, मग एक शाळाच आली अख्खी. सातचे तीस झाले, तीसचे नव्वद. माझ्या खोलीतल्या बादल्या बाहेर गेल्या, बाक गेले, शेवटी मीच बाहेर गेलो, दारात स्टूल टाकून बसायचो. प्राचार्य एकदा जिना उतरताना थबकले. आतून आवाज येत होता, "घोडा अंडी देतो, घोडा अंडी देतो." मला विचारलं, "मामा, हे काय?" मी म्हटलं, "अभ्यास, सर." गेले मान हलवत.

याच सुमाराला लंबू आला. विज्ञानाचा पहिल्या वर्षाचा मुलगा, एवढा उंच की जिन्याखाली वाकून बसायचा. अक्षर मोत्याचं, आणि श्वास तर घेतो की नाही अशी शंका यावी. मिरचीचा तो ठरलेला लिहिणारा झाला. तिला ताई म्हणायचा, तीही त्याला घालून पाडून बोलायची, म्हणजे लाडका होता.

मिरचीचं शेवटचं वर्ष आलं तेव्हा हेडमास्तरीण पदवीनंतरचा एक वर्षाचा कोर्स करत होती, म्हणजे कॉलेजातलं तिचंही ते शेवटचंच वर्ष होतं. एक दिवस दारात माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामा, आम्ही विद्यार्थी. दर तीन वर्षांनी निघून जातो. मी गेले, मिरची गेली, की हे जिन्याखाली पुन्हा बादल्याच येतील."

"मग?"

"संस्था करायची. रजिस्टर. कायमची. म्हणजे माणसं गेली तरी काम राहील. आणि त्यासाठी विद्यापीठाचं पत्र पाहिजे की यापुढं लेखनिक यांच्याकडूनच घ्यायचा, कुणी ज्याचा त्यानं शोधायचा नाही."

ते पत्र होतं परीक्षा विभागाच्या मोठ्या साहेबांच्या हातात. पोरं त्यांना सीलबंद म्हणायची. पेपरांच्या गठ्ठ्यांवर लाखेची सीलं मारण्यात आयुष्य गेलं त्यांचं, आणि तोंडही तसंच. पंधरा मिनिटं त्यांनी हेडमास्तरणीचं ऐकलं आणि एवढंच बोलले, "या परीक्षेत एकही तक्रार येता कामा नये. एकही. मग पत्र."

झालं. दोनशे अकरा पेपर होते त्या हंगामात, आठ कॉलेजांत मिळून. पोरं जीव तोडून लिहीत होती. दोनशे नऊ पेपर झाले, एक तक्रार नाही. उरले दोन, दोन्ही मिरचीचे. आधी अर्थशास्त्राचा, मग दोन दिवसांनी शेवटचा.

अर्थशास्त्राचा पेपर संपला. मी टोला दिला, गठ्ठे बांधले आणि खोलीकडं आलो. आत मिरची, लंबू आणि हेडमास्तरीण. मिरची खुशीत होती.

"सगळं जमलं बाबा! फक्त तिसऱ्या प्रश्नात जीभ घसरली. मागणी वाढली की किंमत उतरते म्हणाले मी, उलटंच. बाहेर आल्यावर लक्षात आलं."

"अगं, एवढं तर मलापण कळतं," मी म्हटलं. "रोज बाजारात जातो."

ती हसली. हेडमास्तरीण हसली. मग मिरचीचं हसू मधेच थांबलं, मान वळली.

"लंबू, श्वास का धरलास?"

लंबू पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"लंबू."

"ताई, मी... चढते लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"तू उतरते म्हणालीस. मी चढते लिहिलं. ताई, तुला येतं गं ते! काल तालमीत दहा वेळा बरोबर सांगितलंस. हात आपोआप गेला. लिहून झाल्यावर कळलं मला काय केलं ते." एवढा उंच पोरगा, जमिनीवर घडी होऊन बसला.

आता मी केलं ते सांगतो, लपवत नाही. मी उठून दाराला कडी घातली. म्हटलं, "कुणी बघितलं? कुणी नाही. चार मार्कांची गोष्ट. गठ्ठा बांधला, सील लागलं, विषय संपला. तोंडं बंद ठेवा आणि परवाच्या पेपराचं बघा."

हेडमास्तरीण भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा. तीसुद्धा हळूच म्हणाली, "पत्र पुढच्या आठवड्यात मिळणार आहे, मिरची. दोनशे नऊ पेपर आपण..."

मिरची उभी राहिली. "बाबा, चार वर्षं माझ्या पाठीमागं लोक काय बोलतात, माहितेय? डोळे गेले, कान शाबूत आहेत माझे. प्रत्येक निकालाला ऐकते मी. 'हिचा लिहिणारा हुशार आहे.' ते खोटं होतं म्हणून मी ऐकून घ्यायचे, वर दोन शब्द सुनवायचे. आज ते खरं झालं. आता मी काय तोंडानं सुनवू?"

"चार मार्क गं, पोरी."

"एका मार्काचं असलं तरी ते माझं नाही. मला पास व्हायचंय ते माझ्या डोक्यानं. दुसऱ्याच्या डोक्यानं पास व्हायचं तर तो कोरा पेपर काय वाईट होता? तो निदान माझा होता."

"साहेबांना कळलं तर वर्ष जाईल. संस्था जाईल."

"कळलं तर नाही. मीच सांगणार आहे. कडी काढा."

मी काढेना. तेव्हा ती स्वतःच चाचपडत आली आणि कडी काढली. बाप म्हणून सांगतो, तेवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही, आणि तेवढा अभिमानही.

चौघं गेलो. साहेबांची खोली म्हणजे गठ्ठेच गठ्ठे, जमिनीपासून छतापर्यंत, आणि वितळलेल्या लाखेचा वास. मिरची सगळं बोलली. लंबू म्हणाला, "चूक माझी आहे, हिची नाही." हेडमास्तरीण म्हणाली, "शिकवणं माझं होतं." मी काहीच बोललो नाही. मी कडी घातली होती ना.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एकही तक्रार नको म्हणालो होतो. तुम्ही स्वतःच तक्रार घेऊन आलात?"

"हो," मिरची म्हणाली. "तेवढे चार मार्क कापा."

"चार मार्क कापता येत नाहीत. अख्खा पेपर रद्द होतो. शेवटच्या वर्षाला फेरपरीक्षा आहे, दोन महिन्यांनी. तेव्हा पुन्हा द्या."

"देईन."

"आणि पत्राचं..." त्यांनी हेडमास्तरणीची फाईल ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवर बंद केला. "बघू."

बघू! सरकारी बघू काय असतं ते छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको.

घरी मिरचीच्या आईला सांगितलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ती पोरीकडं वळून म्हणाली, "कडी कुणी घातली म्हणालीस?" मी बाहेर जाऊन बसलो.

शेवटचा पेपर पायरीवरच्या दुसऱ्या पोरीनं लिहिला, तो नीट गेला. पण ते दोन महिने जिन्याखाली सन्नाटा. निम्मी पोरं यायची बंद झाली. लंबू तर तोंड दाखवेना. एक दिवस मिरची मला म्हणाली, "मला लंबूच्या घरी न्या." नेलं. तो खिडकीत बसलेला. मिरची म्हणाली, "फेरपरीक्षेला तूच लिहायचंस."

"ताई, वेडी आहेस का? मी पुन्हा..."

"पुन्हा काय? आमच्यात एकटा तूच आहेस, ज्याला ही चूक आतून माहितेय. बाकीचे नुसतं पाठ करतात. तूच पाहिजेस मला."

हेडमास्तरीण ऐकून ओरडली, "डोकं फिरलंय तुझं!" साहेबांकडं अर्ज केला तर त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "बसू दे. पण त्या खोलीत सुपरवायझर मी असेन."

झालं का आता! फेरपरीक्षेचा दिवस. खोलीत तिघंच. मिरची, लंबू, आणि त्यांच्या मागं हातभरावर खुर्ची टाकून सीलबंद साहेब. बाहेर मी, घंटेची दोरी धरून. दार अर्धं उघडं होतं. पायरीवर हेडमास्तरीण स्वतः. आणि तिच्यामागं, सांगतो तुम्हाला, एकेक करून पोरं यायला लागली. यायची बंद झालेली पोरं हो! कुणी बोलावलं नव्हतं. अकरा वाजेपर्यंत पायऱ्या भरल्या, आवाज मात्र टाचणीएवढा नाही.

पहिला तास गेला. दुसराही गेला. मिरची सांगतेय, लंबू लिहितोय. आणि मग मला ऐकू आलं. प्रश्न पैशाच्या किमतीचा होता. मला कळत नाही त्यातलं, पण पोरीनं घरी शंभर वेळा पाठ केलेलं मी ऐकलं होतं. महागाई वाढली की पैशाची किंमत घसरते. आणि ती म्हणाली, "वाढते."

माझ्या हातातली दोरी घामानं ओली झाली. साहेब पुढं झुकले. लंबूच्या हाताकडं बघताहेत, डोळ्याची पापणी हलत नाही. मी लंबूकडं बघितलं. चेहरा दगडाचा. पेन त्याच चालीनं चाललं, ना हळू, ना जोरात. खुर्ची करकरली नाही. वा-ढ-ते. लिहिलं त्यानं. पुढचं वाक्य. त्याच्या पुढचं.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. मिरची पाचव्या प्रश्नावर होती. मी मनात म्हणतोय, गेलं, आता गेलं. शेवटची पंधरा मिनिटं राहिल्याचा टोला मी दिला, दिला म्हणजे कसाबसा. आणि मिरची म्हणाली, "आता वाच. चौथा प्रश्न, पहिल्यापासून."

लंबूनं वाचलं. सपाट आवाजात, भाजीची यादी वाचावी तसं. "...महागाई वाढली की पैशाची किंमत वाढते..."

"थांब. मागचं एक वाक्य पुन्हा."

पुन्हा वाचलं. तोच आवाज, तोच वेग.

मिरचीनं मान तिरकी केली. मग मोठ्यानं हसली, परीक्षेच्या खोलीत! "वाढते काय, वाढते! खोड ते. लिही, घसरते."

लंबूनं खोडलं. लिहिलं. आणि तेव्हा, तेव्हा हो, मागच्या खुर्चीतून एवढा मोठा उसासा आला की मिरचीनं मान वळवली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही आमच्या तालमीत पहिल्याच दिवशी नापास झाला असता."

मी शेवटचा टोला दिला. कॉलेजाच्या इतिहासात एवढ्या जोरात घंटा कुणी वाजवली नसेल. वाजवतच राहिलो, चार वाजवायचे तिथं वीसएक झाले असतील. वरच्या मजल्यावरून लोक आग लागली म्हणून धावत आले. पायऱ्यांवरची पोरं उठून ओरडायला लागली, हेडमास्तरीण लंबूच्या गळ्यात पडली, म्हणजे पोटाला मिठी मारली, गळ्यापर्यंत तिचा हात पोहोचणार कसा!

साहेब गठ्ठा बांधून बाहेर आले. ते म्हणाले, "तीस वर्षं मी कॉप्या धरतो. बाह्यांतून धरल्या, मोज्यांतून धरल्या, एकदा एकाच्या प्लास्टरमधून धरली. स्वतःच्या पायांनी चालत माझ्या टेबलापाशी आलेली ती एकच." मग हेडमास्तरणीकडं बघून, "ते पत्र मी त्याच संध्याकाळी टाईप करून ठेवलं होतं. सही राहिली होती. आज करतो. फक्त एक अट आहे. तुमची ती श्वासाची तालीम प्रत्येक कॉलेजात शिकवायची."

मिरची त्या पेपराला वर्गात दुसरी आली. पहिली आली असती, पण एका प्रश्नाचं उत्तर खरंच चुकलं होतं तिचं. तो चुकलेला प्रश्न ती अजून कौतुकानं सांगते सगळ्यांना.

मग रजिस्ट्रेशनचं ऑफिस. सात जणांच्या सह्या पाहिजेत म्हणाले. सातवी सही माझी. चौथीला दोनदा बसलेला माणूस संस्थापक झाला! सही करताना मिरचीच्या आईनं खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, "घंटेपेक्षा बरी जमली." क्लार्कनं विचारलं, "संस्थेचं नाव?" आम्ही एकमेकांकडं बघतोय. तोवर सगळे आम्हाला जिन्याखालची पोरंच म्हणायचे, ते काय फॉर्मवर लिहिणार! मिरची म्हणाली, "उसना हात."

क्लार्क म्हणाला, "उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं, मॅडम."

"देतोच की. पेपर संपला की लगेच."

त्यानं लिहिलं. हसत हसत लिहिलं.

आता बघा, सोळा वर्षं झाली. चौदा गावांत शाखा आहेत, लिहिणारे सहाशेच्या वर. कुठल्याच बाकावर शेजारची जागा रिकामी राहत नाही आता. हेडमास्तरीण वकील झाली, पण संस्थेचे सगळे कागद तीच बघते, आणि कपाळावरची आठी तशीच. लंबू इंजिनिअर आहे, नव्या तुकडीचा पहिला तास तोच घेतो, आणि पहिलं वाक्य कायम एकच, "मी एकदा चढते लिहिलं होतं." सीलबंद साहेब निवृत्त झाल्यावर आमच्याकडं यायला लागले. मिरची त्यांना अजून पास करत नाही. म्हणते, नाकातून सांगतात. आणि मिरची? आत बसलीय ना ती, त्या दाराआड, फोनवर कुणाला तरी झापतेय, तीच. प्रमुख आहे ती इथली. माझं काम आल्यागेल्याला खुर्ची द्यायचं आणि गोष्ट सांगायचं.

आता एक बोलू? पुढच्या बुधवारी एक गृहस्थ मॅट्रिकला बसतायत. वय बासष्ट. जन्मभर ट्रक चालवला, साखरेनं नजर गेली, आणि आता नातीशी पैज लागलीय की तिच्याआधी मॅट्रिक होणार. विषय भूगोल. रस्ते सगळे पाठ आहेत त्यांना, पण बोलतात भरधाव आणि मधे मधे शिव्या देतात. त्यातलं उत्तर कुठलं आणि शिवी कुठली हे कळेपर्यंत आमच्या तीन पोरांनी हात टेकले. तुम्ही मात्र मघापासून माझ्यासारख्याचं एकदाही न टोकता ऐकताय. नियम आता सैल झालाय, शिकलेला माणूसही चालतो. माझं ऐका, उद्यापासून तालमीला बसा, बुधवारी साडेदहापर्यंत या, आणि त्यांच्या शेजारी तीन तास बसा. याल ना?